आधी निदान, मग सुई

लग्नसराई जवळ आली की सौंदर्योपचार केंद्रांच्या जाहिरातींना बहर येतो. हे लोण आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पणजी अशा शहरांतही ‘डबल चिन घालवा’, ‘जॉलाइन ठळक करा’ अशी आमंत्रणे फलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर झळकू लागली आहेत. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, दुपारी सुई घ्यायची आणि संध्याकाळी घरी, असा या उपचारांचा लौकिक. त्यामुळे केंद्राची पायरी चढणारा माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: फिलर घ्यावे, बोटॉक्स घ्यावे की चरबी विरघळवणारे इंजेक्शन?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो उलट्या टोकाने विचारलेला आहे. ही तिन्ही इंजेक्शने म्हणजे एकाच कामाचे तीन पर्याय नव्हेत. फिलर भर घालते, डीऑक्सिकोलिक आम्ल चरबीच्या पेशी नष्ट करते आणि बोट्युलिनम विष स्नायू ढिला करते. डोके दुखते म्हणून चष्मा लावायचा की रक्तदाबाची गोळी घ्यायची, हे जसे कारण कळल्याशिवाय ठरत नाही, तसेच हेही. चेहऱ्याच्या खालच्या भागात जे खटकते आहे ते हाडामुळे, स्नायूमुळे, चरबीमुळे की सैल त्वचेमुळे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले की तीनपैकी दोन पर्याय बहुतेक वेळा आपोआप बाद होतात. कधी कधी तिन्ही बाद होतात, आणि तेही एक उत्तम निदानच असते.

हनुवटीखाली नेमके काय?

हाडापासून सुरुवात करावी. खालचा जबडा मुळातच लहान किंवा मागे असेल, तर हनुवटी आणि मान यांच्यामधला कोन बोथट होतो. असा माणूस सडपातळ असला तरी बाजूने पाहिल्यावर त्याच्या हनुवटीखाली भरीवपणा दिसतो. चरबी जास्त नसते. तिला ताणून धरणारे हाड कमी पडते. वयाबरोबर जबड्याचे हाडही झिजते आणि त्याचा आकार बदलतो. तरुणपणी सरळ असलेली रेषा पन्नाशीनंतर हनुवटीच्या दोन्ही बाजूंना तुटल्यासारखी दिसते, त्यामागे हेही एक कारण असते.

दुसरा थर स्नायूंचा. दात घट्ट आवळले की कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर एक कडक गोळा हाताला लागतो. तो चावण्याचा मुख्य स्नायू. झोपेत दात खाण्याची सवय असेल किंवा वर्षानुवर्षे सुपारी चघळली असेल, तर तो व्यायामाने दंड फुगावा तसा वाढतो आणि चेहरा खाली चौकोनी दिसू लागतो. मानेच्या पुढच्या भागावर पसरलेला पातळ स्नायू वेगळा. त्याचे उभे पट्टे वयाबरोबर ठळक होतात.

तिसरा थर चरबीचा, आणि तो एक नसून दोन आहेत. एक त्वचेच्या लगेच खाली, मानेच्या पातळ स्नायूच्या वर. दुसरा त्या स्नायूच्या खाली. इंजेक्शनने विरघळवता येते ती फक्त वरची चरबी. डॉक्टर मानेचे स्नायू ताणायला सांगून हनुवटीखालची घडी चिमटीत धरून पाहतो, ते यासाठीच. ताण दिल्यावरही चिमटीत जे राहते, ती वरची चरबी. काही उरलेच नाही, तर सुई कितीही महागडी असली तरी तिला तिथे काम नाही.

चौथा थर त्वचेचा. भराभर वजन उतरवलेल्या माणसाची चरबी गेलेली असते, पण ताणलेली त्वचा पूर्वीसारखी आवळत नाही. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने भारतात आल्यापासून अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची भर पडणार, हे उघड आहे. सैल त्वचेखालची उरलीसुरली चरबीही विरघळवली, तर ती अधिकच लोंबते.

या चार थरांखेरीज आणखी एक शक्यता असते आणि ती सौंदर्याच्या कक्षेबाहेरची आहे. हनुवटीखाली लाळेच्या ग्रंथी आहेत, लसिका ग्रंथी आहेत, थोडे खाली थायरॉइड आहे. यांतले काहीही सुजले तरी आरशात ‘डबल चिन’च दिसते. डीऑक्सिकोलिक आम्लाच्या अधिकृत माहितीपत्रकातच थायरॉइडची वाढ आणि मानेतल्या गाठी यांची शक्यता आधी तपासून घ्या, असे म्हटले आहे. मानेतल्या गाठींचा क्षयरोग जिथे आजही नित्याचा आहे, त्या देशात ही सूचना कागदावर राहून चालणार नाही. एकाच बाजूला असलेला, नव्याने आलेला, वाढत जाणारा किंवा हाताला टणक लागणारा फुगवटा असेल, तर त्याची जागा सौंदर्योपचार केंद्रात नाही. त्याची तपासणी आधी रुग्णालयात व्हायला हवी.

भर घालणारी सुई

फिलरमध्ये सर्वाधिक वापर होतो तो हायालुरोनिक आम्लाच्या जेलचा. हा पदार्थ परका नाही. त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत तो असतोच. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गायीच्या डोळ्यातल्या द्रवातून प्रथम वेगळा केला. पाणी धरून ठेवणे हा त्याचा गुण. इंजेक्शनासाठी त्याचे धागे रासायनिक बंधांनी एकमेकांत गुंतवतात, म्हणजे शरीरातली विकरे त्याला लवकर तोडू शकत नाहीत. हनुवटीसाठी आणि जबड्यासाठी वापरायचे जेल ओठांच्या जेलपेक्षा घट्ट असते, कारण त्याला हाडाचे काम करायचे असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा एका जेलला हनुवटीसाठी २०२० मध्ये आणि दुसऱ्या एका अधिक घट्ट जेलला जबड्याच्या रेषेसाठी २०२२ मध्ये मान्यता दिली. दोन्ही मान्यता २१ वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी आहेत. महाविद्यालयीन मुलामुलींना ‘स्टुडंट ऑफर’ देणाऱ्यांनी ही वयोमर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे.

लहान हनुवटी पुढे आणायची असेल, जबड्याच्या रेषेत वयाने पडलेला खळगा भरायचा असेल, तर फिलर योग्य. परिणाम लगेच दिसतो आणि साधारण वर्षभर किंवा थोडा अधिक काळ टिकतो. पण ‘वर्षाने सगळे विरून जाते’ हे वाक्य जितक्या सहजपणे सांगितले जाते तितके खरे नाही. काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये अनेक वर्षांनंतरही जेल सापडले आहे. म्हणून दर वर्षी ठरल्याप्रमाणे भर घालत राहिले, तर रेषा ठळक होण्याऐवजी चेहरा खालून जड होत जातो.

फिलरचा खरा धोका सुजेचा किंवा काळ्यानिळ्या डागांचा नाही. ते आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. खरा धोका आहे तो जेल रक्तवाहिनीत जाण्याचा. चेहऱ्याची मुख्य धमनी चावण्याच्या स्नायूच्या अगदी पुढे जबड्याचे हाड ओलांडून वर चढते. हनुवटीखालीही तिची शाखा असते. जेलने वाहिनी बुजली, तर त्या भागाची त्वचा पांढरी पडते, जाळीदार निळसर दिसते, तीव्र वेदना होतात आणि वेळेत उपाय झाला नाही तर त्वचा मरते. नाक आणि भुवयांच्या मधल्या जागेच्या तुलनेत हनुवटीवर हा धोका कमी आहे, पण तो नाही असे नाही. जेल डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिनीत पोहोचले, तर दृष्टी जाऊ शकते.

इथेच हायालुरोनिक आम्लाचा सर्वांत मोठा फायदा कामी येतो. त्यावर उतारा आहे. हायालुरोनिडेज नावाचे विकर टोचले की हे जेल विरघळते. वाहिनी बुजल्यास ते भरपूर मात्रेत आणि ताबडतोब द्यावे लागते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपॅटाइटसारख्या इतर फिलरवर या विकराचा परिणाम होत नाही. टोचून घेतलेले द्रव सिलिकोन तर कायमचे असते आणि वर्षांनंतरही गाठी, जंतुसंसर्ग, आकार बिघडणे असे त्रास देते. चेहरा भरण्यासाठी ते टोचून घेऊ नका, असे एफडीए सातत्याने बजावत आली आहे. पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने ‘जास्त टिकणारे’ मागू नये. मागे घेता येणारे मागावे.

वजा करणारी सुई

डीऑक्सिकोलिक आम्ल हे पित्तातले आम्ल. आतड्यात ते खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करायला मदत करते. तेच चरबीत टोचले की चरबीच्या पेशींचे आवरण फुटते आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो राडारोडा हळूहळू उचलून नेतात. २०१५ मध्ये एफडीएने हनुवटीखालच्या चरबीसाठी याला मान्यता दिली. फक्त तिथल्याच, दंड, पोट किंवा जबड्याच्या कडेला लोंबणाऱ्या भागासाठी नव्हे.

जाहिरातीत ‘एक इंजेक्शन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात एका बैठकीत एकेका सेंटिमीटरवर बारीक सुया टोचाव्या लागतात, कमाल ५०. बैठका कमाल ६, आणि दोन बैठकांमध्ये किमान महिन्याचे अंतर. दोन मोठ्या चाचण्यांत मिळून हजाराहून अधिक जणांवर याची तपासणी झाली. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही निदान एका पायरीची सुधारणा जाणवली, असे सुमारे दोन तृतीयांश जणांत घडले. औषध नसलेली सुई ज्यांना दिली, त्यांच्यातही पाचात सुमारे एकाला तसे वाटले. दोन पायऱ्यांची, म्हणजे डोळ्यांत भरणारी सुधारणा औषध घेतलेल्या पाच जणांत एकालाही पुरती लाभली नाही. औषध काम करते, पण जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांइतके ते सर्वांवर करत नाही, हा या आकड्यांचा अर्थ.

याची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. प्रत्येक बैठकीनंतर हनुवटीखाली सूज येते, ती इतकी की काही दिवस चेहरा आधीपेक्षा जास्त भरलेला दिसतो. दुखते, काळेनिळे होते, बधिरपणा आठवडे टिकतो. चाचण्यांत सुमारे ४ टक्के जणांत जबड्याच्या कडेने जाणाऱ्या चेतातंतूला इजा होऊन हसू वाकडे झाले. ते सर्वांचे बरे झाले, पण निम्म्या जणांना दीड महिना किंवा त्याहून जास्त वाट पाहावी लागली, एखाद्याला जवळजवळ दहा महिने. काहींना काही दिवस गिळायला त्रास झाला. लग्नाच्या तीन आठवडे आधी हे इंजेक्शन सुचवणारा सल्लागार एकतर औषध ओळखत नाही किंवा ग्राहकाचे पंचांग पाहत नाही.

फिलरशी तुलना करताना आणखी एक फरक विसरता कामा नये. इथे उतारा नाही. मेलेल्या चरबीपेशी परत येत नाहीत. परिणाम हवा तसा असेल तर हा फायदा, नको तसा झाला तर तोटा. शिवाय उरलेल्या पेशी वजन वाढल्यावर फुगतातच, त्यामुळे वजन स्थिर नसताना हा उपचार करण्यात अर्थ नाही. जाड थर असेल, तर एकाच बैठकीत चरबी शोषून काढण्याची छोटी शस्त्रक्रिया कधी कधी सहा बैठकांच्या सुयांपेक्षा सरळ आणि स्वस्त पडते. ‘शस्त्रक्रिया नाही’ हे दरवेळी ‘सोपे’ या शब्दाचे दुसरे नाव नसते.

सैल करणारी सुई

बोट्युलिनम विषाचा वापर आधी तिरळेपणावर झाला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएने त्याला २००२ मध्ये मान्यता दिली आणि मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठी २०२४ मध्ये. जबड्याच्या कोपऱ्यावरच्या स्नायूसाठी ते आशियात आणि इतरत्र वर्षानुवर्षे दिले जाते, पण बहुतेक ठिकाणी हा वापर मान्य यादीबाहेरचा असतो. मान्य यादीबाहेरचा वापर बेकायदा किंवा चुकीचा असतोच असे नाही. मात्र तसा तो आहे, हे रुग्णाला सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

हे औषध चेतातंतूकडून स्नायूला येणारा निरोप अडवते. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांत बारीक होतो आणि चौकोनी चेहरा थोडा निमुळता होतो. परिणाम काही महिन्यांत ओसरतो. ही त्याची मर्यादाही आणि सुरक्षितताही. दुष्परिणामांत कडक पदार्थ चावताना थकवा, हसण्यात तिरकेपणा, आणि सैल त्वचा असलेल्यांत गालाखालचा भाग अधिक लोंबणे यांचा समावेश होतो. म्हणजे पंचविशीतल्या, दात खाणाऱ्या माणसाला जे शोभेल तेच पंचावन्नाव्या वर्षी, त्वचा सैल झालेल्या चेहऱ्याचे नुकसान करू शकते. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि स्तनपान देणाऱ्या मातांनी याच्या वाटेला जाऊ नये.

स्नायू का वाढला, हा प्रश्नही सुईआधी विचारला पाहिजे. झोपेत दात खाण्याने दातांची झीज होत असेल, तर दंतवैद्याकडे जाणे आधी. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड पूर्ण उघडत नसेल, तर प्रश्न जबड्याच्या रुंदीचा नाही. तो तोंडाच्या कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या विकाराचा आहे, आणि त्याला आरशापेक्षा तपासणीची गरज आहे.

निवड कशी व्हावी?

तीन उदाहरणे घेऊन पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. सत्तावीस वर्षांची सडपातळ तरुणी ‘डबल चिन’ची तक्रार घेऊन येते. बाजूने पाहिले तर हनुवटी मागे आहे. तिला चरबी विरघळवणारी सुई दिली तर फार काही मिळणार नाही. थोडे फिलर पुरेसे ठरू शकते. पण तिचे वरचे दात फार पुढे असतील, ती घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर जबडा मागे असल्याने झोपेत श्वासमार्ग अडण्याची शक्यता तपासायला हवी. तिथे दंत-जबडा शल्यविशारदाचे मत फिलरच्या आधी हवे. फिलरने बाह्यरेषा सुधारेल, श्वास नाही.

चाळिशीतला पुरुष, वजन अनेक वर्षे स्थिर, त्वचा घट्ट, आणि हनुवटीखाली चिमटीत येणारी चरबी. डीऑक्सिकोलिक आम्लाचा खरा उमेदवार हा. साठीची गृहिणी, सैल त्वचा, मानेवर पट्टे, गालाखाली लोंबणारा भाग. तिला कुठल्याही सुईने मिळणारा लाभ मर्यादित आहे. हे तिला पहिल्याच भेटीत सांगणारा डॉक्टर तिचे पैसेही वाचवतो आणि मनस्तापही.

आणखी एक तपासणी आरशाची. पुष्कळांना आपली हनुवटी खटकू लागते ती मोबाइलवर काढलेल्या सेल्फीत. हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्याला चेहऱ्याचा मधला भाग जवळ आणि कडा लांब असतात, त्यामुळे प्रमाण बिघडते. अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते. नाक मोठे दिसते तेव्हा हनुवटी आणि जबडा त्या मानाने लहान वाटणारच. निर्णय घ्यायचा तर दुसऱ्या कुणीतरी लांबून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेल्या छायाचित्रांवर घ्यावा.

काहींच्या बाबतीत मात्र कोणत्याच छायाचित्राने समाधान होत नाही. न दिसणारा किंवा क्षुल्लक दोष दिवसरात्र मनात घोळत राहणे, त्यासाठी लोकांत जाणे टाळणे, एकामागून एक उपचार करून घेणे, हा एक ओळखलेला मानसिक विकार आहे. सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते, सौंदर्योपचार घेणाऱ्यांत त्याहून बरेच अधिक. अशा माणसाला सुईने आराम पडत नाही, खटकणारी जागा फक्त बदलते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हाच उपचार.

सुई कोणाच्या हाती?

निदान एवढे महत्त्वाचे असेल, तर ते करणारा कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोट्युलिनम किंवा फिलर देणे गुन्हा आहे. भारतात इतका नेमका कायदा नाही. पण काहीच नियम नाहीत असेही नाही. बोट्युलिनम हे औषध आहे. फिलर वैद्यकीय उपकरणांत मोडते, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाच्या निमित्ताने काढलेल्या सूचनांत कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून सौंदर्योपचार सुरू करणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट बजावले. २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता रुग्ण मिळवण्यासाठी डॉक्टरने जाहिरात करणे अनैतिक ठरवते. पण फलकावर डॉक्टरचे नाव नसून केंद्राचे नाव असते, आणि नियम तिथेच अडतो.

या पळवाटेचा फटका बसतो तो निदानाला. केंद्राच्या दर्शनी भागात बसलेला सल्लागार पॅकेज ठरवतो, पैसे भरले जातात आणि डॉक्टर भेटतो तो थेट सुई हातात घेऊन. कुठले इंजेक्शन, किती मिलिलिटर, किती बैठका हे तपासणीआधीच विकले गेलेले असते. क्रम उलटला की डॉक्टरला ‘नको’ म्हणण्याची जागाच उरत नाही. राज्याच्या आरोग्य यंत्रणेने आणि वैद्यकीय परिषदेने हात घालायचा असेल तर इथे घालावा. टोचणाऱ्या डॉक्टरने स्वतः तपासणी करून लेखी निदान दिल्याशिवाय पैसे घेता येणार नाहीत, आणि प्रत्येक जाहिरातीवर जबाबदार डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक असेल, एवढे दोन नियम झाले तरी बाजाराला बराच लगाम बसेल.

तोवर रुग्णाला स्वतःच काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतील. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत तो तपासावा. औषधाची सीलबंद कुपी किंवा सिरिंज आपल्यासमोर उघडायला सांगावी. तिचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्यावी. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे अनेक राज्यांत लोक आजारी पडले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षी मान्यता नसलेल्या चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला होता. न उघडलेले बोटॉक्सही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. ते कुठून आणले आणि कसे साठवले, हे विचारण्यात संकोच नको. फिलर घेणार असेल, तर हायालुरोनिडेज केंद्रात हजर आहे का, आणि रात्री त्वचा पांढरी पडली किंवा दिसेनासे झाले तर फोन कोण उचलणार, हे आधी विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरला सांगावी; आपल्या मनाने बंद करू नये.

कागदाचे महत्त्वही कमी नाही. संमतीपत्रावर सही म्हणजे संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून दिल्यावर मिळते तीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. पर्यायांत ‘काहीही न करणे’ हाही पर्याय येतो. आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. काय टोचले, कुठे, किती, ही नोंद पुढच्या कुठल्याही डॉक्टरसाठी मोलाची ठरते.

आपली हनुवटी जरा नीट दिसावी असे वाटण्यात गैर काही नाही. त्याला उथळपणा म्हणून हिणवण्याचेही कारण नाही. माणसे दात सरळ करून घेतात, केस रंगवतात, तशीच ही इच्छा. पण एक मिलिलिटर फिलर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा जेलने माणसाचा चेहरा सुधारू शकतो आणि एवढ्याशाच जेलने त्वचा मरूही शकते. हा फरक पुष्कळदा जेलच्या नावात किंवा किमतीत नसतो. सुई उचलण्याआधी कुणी बोटांनी जबडा चाचपला होता का, दात आवळायला सांगितले होते का, बाजूने पाहिले होते का, यात असतो. ज्या केंद्रात ही पाच मिनिटे मिळत नाहीत, तिथे सवलत कितीही मोठी असली तरी सौदा महागच.